खारीची माघार

2022 साली बेनिनने आपल्या फुटबॉल संघाचं टोपणनाव बदललं आणि त्या देशाशी काडीचंही नातं नसताना मला त्याचं वाईट वाटलं. पश्चिम आफ्रिकेतल्या या चिमुकल्या देशाचा संघ वर्षानुवर्षं ‘खारी’ म्हणून ओळखला जायचा. जीव लहान, पण सरसर शेंड्यापर्यंत चढतो, असा त्यामागचा हिशोब. मग तिथल्या फेडरेशनमध्ये कुणाला तरी वाटलं असणार की खारीला घाबरतंय कोण? झाले ते ‘चित्ते’. त्याच वर्षी आपल्याकडे कुनोतही नामिबियाहून चित्ते आले. एकूण ते साल चित्त्यांचं होतं.

मराठी माणसाला विचारलं असतं तर त्याने खारीला हात लावू दिला नसता. सेतूच्या कामात वाळूचे कण वाहणारी ती, तिच्या वाट्याचं आपल्याला केवढं कौतुक! बेनिनच्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं उमटली नसतील, पण काम तिनेही तसंच करून दाखवलं होतं. 2019 च्या आफ्रिका चषकात गटातले तिन्ही सामने तिने बरोबरीत सोडवले, त्यातला एक कॅमेरूनच्या ‘अजिंक्य सिंहां’शी. बाद फेरीत समोर मोरोक्को, म्हणजे ‘ॲटलासचे सिंह’. 1-1 अशा बरोबरीनंतर त्यांना पेनल्टीवर घरी पाठवलं. निर्धारित वेळेत एकही सामना न जिंकता खारी उपांत्यपूर्व फेरीत! तिथे सेनेगलच्या सिंहांनी 1-0 ने अडवलं. एका स्पर्धेत सिंहांच्या तीन टोळ्या भेटल्या आणि दोन टोळ्यांना हिने दाद दिली नाही. एवढं करून बक्षीस काय, तर बदली.

नाव जोरदार केल्याने संघ जोरदार होतो ही समजूत जगभर आहे. नायजेरियाचे खेळाडू आधी ‘हिरवे गरुड’ होते. 1988 मध्ये आफ्रिका चषकाची अंतिम लढत हरल्यानंतर ते ‘सुपर गरुड’ झाले. वडापावच्या गाडीवर ‘जय भवानी’ खोडून ‘न्यू जय भवानी’ लिहावं, तसं. चटणी तीच.

याउलट कोमोरोस पाहा. हिंदी महासागरातल्या या बेटांनी नाव घेतलं सीलाकँथ माशाचं. डायनासोरांबरोबरच संपला असं धरून चाललेला हा मासा 1938 साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळ्यात सापडला आणि दुसरा नमुना 1952 मध्ये थेट कोमोरोसजवळ मिळाला. रूपाने म्हणाल तर आमच्या कोळीणबाईही पाटीत पुढे मांडणार नाहीत. पण ज्याला सगळ्यांनी मेलेला म्हटलं तो जिवंत निघाला, याहून मोठी फुशारकी कुठल्या सिंहाकडे आहे? 2022 च्या आफ्रिका चषकात या माशांनी घानाला 3-2 हरवून स्पर्धेबाहेर काढलं. पुढे कॅमेरूनविरुद्ध एकही गोलकीपर उरला नाही, तेव्हा डाव्या बगलेचा बचावपटू गोलात उभा केला. हरले, पण फक्त 2-1.

घानाचे ‘काळे तारे’ मी नेरुळमध्ये पाहिलेत. 2017 चा सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक, डी. वाय. पाटील स्टेडियम, 18 ऑक्टोबर, घाना विरुद्ध नायजर. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने शेजारच्या दोन पोरांना घेऊन गेलो होतो. नायजरला ‘मेना’ म्हणतात, तिथल्या वाळवंटी हरणावरून. पोरांनी लगेच हरणाची बाजू घेतली, कारण तारा पळतो कुठे? हरीण 2-0 ने हरलं. काळा तारा घानाच्या झेंड्यावरचा, आणि झेंड्यावर तो आला कृष्णवर्णीयांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या ‘ब्लॅक स्टार लाइन’वरून. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेशी जोडायला 1919 मध्ये काढलेली ही जहाज कंपनी काही वर्षांतच बुडाली. तारा मात्र घानाने उचलला. हे सगळं मी परतीच्या गाडीत सांगत होतो. ऐरोलीपर्यंत दोघंही झोपले.

रंगांवरून पडलेली नावं मला एरवी आळशी वाटतात, पण इटलीची गोष्ट वेगळी. झेंडा हिरवा-पांढरा-तांबडा, आणि संघ ‘अझ्झुरी’ म्हणजे निळे! 1911 च्या जानेवारीत हंगेरीविरुद्ध त्यांनी पहिल्यांदा निळा सदरा चढवला, तो सव्हॉय राजघराण्याचा रंग म्हणून. 1946 मध्ये जनतेने मतदान करून राजाला निरोप दिला. सदरा ठेवून घेतला. ब्राझीलचा पिवळा सदराही असाच नशिबाने आलेला. 1950 च्या विश्वचषकात रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेकडून हरल्यावर जुना पांढरा सदरा अपशकुनी ठरला. मग एका वर्तमानपत्राने स्पर्धा लावली: झेंड्यातले चारही रंग वापरून नवा पोशाख काढा. जिंकला आल्दीर श्ली, सीमेवरच्या गावातला, विशीही न गाठलेला पोरगा. ‘कॅनरी’ हे लाडकं नाव त्याच्या पिवळ्यामुळे पडलं. आणि हा पठ्ठ्या मनातून समर्थक होता उरुग्वेचा!

बेल्जियमला ‘लाल सैतान’ म्हटलं ते एका पत्रकाराने, 1906 मध्ये त्यांनी नेदरलँड्सला हरवल्यावर. मला ही रीत बरी वाटते. टोपणनाव दुसऱ्याने ठेवावं, आपण फार तर कुरकुरावं. आपल्या गावांत-चाळींत कुणी अर्ज करून ‘बंड्या’ किंवा ‘चिंगी’ झालंय का? भारताचे ‘निळे वाघ’ मला परके नाहीत, ओरडायलाही सोपे आहेत, पण ते नाव बैठकीत मंजूर झाल्यासारखं वाटतं.

बैठकीवरून आठवलं. घोडबंदर रोडच्या टर्फवर दर शनिवार-रविवारी सोसायट्यांचे सामने होतात. तिथे इतके लायन्स, टायगर्स आणि वॉरियर्स आहेत की मागे एकदा ‘लायन्स’ विरुद्ध ‘लायन्स’ अशीच मॅच लागली आणि फळ्यावर अ आणि ब लिहावं लागलं. खरा बिबट्या इथून हाकेच्या अंतरावर येऊरच्या जंगलात आहे, पण त्याचं नाव कुणी घेतलेलं नाही.

आमच्या पोरांसाठी सेक्रेटरींनी ग्रुपवर ‘रॉयल’ने सुरू होणाऱ्या नावांची यादी टाकली होती. ती तशीच पडून राहिली. कारण आमची पोरं स्टिल्टखाली, गाड्यांच्या मधल्या जागेत सराव करतात, बॉल कायम जमिनीला चिकटवून खेळतात, आणि समोरच्या सोसायटीने त्यांना केव्हाच ‘पार्किंगवाले’ करून टाकलंय. आधी रडारड झाली. मग एक सामना जिंकल्यावर आमचीच पोरं ‘पार्किंग! पार्किंग!’ ओरडत सुटली. आता टी-शर्टवर मोठा ‘पी’ छापायचा आहे. ‘काका, निळा नको हं, निळा सगळेच घेतात,’ एवढी एक अट माझ्यापर्यंत आली आहे. सेक्रेटरींना अजून कुणी सांगितलेलं नाही.