खरे आणि अचूक

चित्रपटातला पत्रकार बहुधा दोनच साच्यांत भेटतो: सत्तेला अंगावर घेणारा झुंजार बातमीदार, नाहीतर टीआरपीसाठी कोणाच्याही तोंडासमोर बूम धरणारा निलाजरा वार्ताहर. माणूस चांगला की वाईट हे एकदा ठरले की त्याच्या बातमीची शहानिशा करण्याची गरज पटकथेला उरत नाही. मला मात्र भल्या, कष्टाळू बातमीदारांच्या हातून झालेल्या चुका दाखवणारे चित्रपट अधिक मोलाचे वाटतात.

अमेरिकेतल्या वॉटरगेट या राजकीय हेरगिरीच्या प्रकरणावरचा ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६) शोधपत्रकारितेचा गौरव म्हणून पाहिला जातो, पण त्यातली फोनवरची मोजणी माझ्या अधिक लक्षात राहिली आहे. निक्सन यांच्या निवडणूक प्रचाराच्या गुप्त निधीच्या बातमीत राष्ट्राध्यक्षांचे निकटवर्ती हॉल्डमन यांचे नाव छापण्याआधी बर्नस्टीन या बातमीदाराला आणखी एक दुजोरा हवा असतो, आणि फोनवरचा वकील तर काही बोलायलाच तयार नसतो. तेव्हा बर्नस्टीन तोड काढतो, की मी दहापर्यंत मोजतो, बातमी चुकीची असेल तर त्याआधी फोन ठेवा. दहा आकडे मोजून होतात, फोन चालूच राहतो आणि बातमी छापली जाते. नंतर कळते, की ज्या साक्षीचा हवाला दिला होता तशी साक्ष ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) झालेलीच नव्हती. हॉल्डमन यांचा त्या गुप्त निधीशी संबंध होता हे खरेच होते. चुकला होता तो हवाला, आणि तेवढ्यावरून सगळे वृत्तपत्र अडचणीत आले.

सिडनी पोलॅक यांच्या ‘अ‍ॅब्सेन्स ऑफ मॅलिस’मध्ये (१९८१) नेमके उलटे घडते. त्याची पटकथा एका माजी वृत्तपत्र संपादकाने लिहिली आहे, हे पदोपदी जाणवते. सरकारी तपास अधिकारी फाइल टेबलावर मुद्दाम ठेवून खोलीबाहेर जातो, मेगन ही बातमीदार ती वाचते आणि एका निर्दोष माणसावर संशय घेणारी बातमी देते. वृत्तपत्राच्या वकिलाची त्याला हरकत नसते, कारण बातमी खोटी असल्याचे आपल्याला ठाऊक नाही, म्हणजे कायद्याच्या भाषेत आकस (मॅलिस) नाही. पुढे त्या माणसाच्या बचावासाठी, गुन्ह्याच्या वेळी तो आपल्यासोबत होता हे पटवायला, त्याची मैत्रीण टेरेसा आपल्या गर्भपाताची गोष्ट मेगनला सांगते आणि मेगन तीही नावानिशी छापते. भल्या पहाटे टेरेसा शेजाऱ्यांच्या घरांपुढे पडलेले अंक गोळा करीत धावते. मेगनच्या बातमीत एकही शब्द चुकीचा नसतो. टेरेसा मात्र आत्महत्या करते.

शेवटी मेगन स्वतःच बातमीचा विषय होते. तिने ज्याच्यावर बातमी दिली, त्याच माणसाशी तिचे काय नाते होते, असे तिची सहकारी तिला विचारते. ‘आमचे संबंध होते’ असे लिही, असे मेगन सांगते. हे खरे आहे ना, असे सहकारी विचारते, तेव्हा मेगन उत्तरते, की खरे नाही, पण अचूक आहे.