गारगोटी

बुधवार, रात्री अकरा

आज विहीर खणणारे नथ्थूकाका हसले. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, पण ते हसणं कानातून जात नाही.

विहीर ४५ फुटांवर गेली. क्रेननं मलबा वर येत होता. एका काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक दिसले, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखे. स्टिल्बाइट. मला राहवलं नाही. म्हटलं, काका, मी कॉलेजात हेच बनवतो. म्हणजे याच जातीचं, झिओलाइट, आत बारीक भोकं असलेला स्फटिक. त्यांनी दगड उलटापालटा केला. "हे? हे तं फुकट निघते बापू. आमी रोज फेकतो." बाबाही हसले. ते जरा जास्त लागलं.

फुकट निघते. आणि मी तीन वर्षं काय करतोय? औष्णिक केंद्राची राख आणायची, कॉस्टिक सोड्यासोबत ५५० अंशांवर भाजायची, पाण्यात कालवायची, मुरवायची, मग टेफ्लॉनच्या भांड्यात घालून ९५ अंशांवर ओव्हनमध्ये. फेलोशिपचे पैसे... असो.

खरं दुखणं तर वेगळंच आहे. सोमवारी माझ्या भुकटीचा एक्स-रेचा आलेख आला, कोणता स्फटिक बनला ते सांगणारा. मला हवा होता एक्स नावाचा झिओलाइट, मोठ्या भोकांचा. सहा अंशांच्या कोनाजवळ त्याची उंच रेघ हवी होती, तिथं सपाट माळरान. रेघा उभ्या होत्या साडेबारावर, अठ्ठावीसवर. म्हणजे पी, दुसरा प्रकार, बारीक भोकांचा. सर म्हणाले, "मुरवलं किती?" मी म्हटलं, चोवीस तास. मुरवलं होतं चार तास. शनिवारची शेवटची एसटी पकडायची होती, विहिरीत सुरुंग लावायच्या दिवशी घरी असायला हवं होतं म्हणून. सरांना हे सांगितलं नाही.

त्या चोवीस तासांत डोळ्यांना काहीच दिसत नाही. पांढरा लगदा तसाच. पण आत बारीक बारीक बीजं धरत असतात, आणि कोणता स्फटिक वाढणार ते बरंचसं तिथंच ठरतं. घाई केली की पी. बरं, एक्स मिळाला म्हणून लोभानं ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवला, तरी तो मोडून पीच होतो. सोडा जास्त झाला की आणखी तिसरंच. दोन्हीकडून मार.

आणि दगडातलं ते? सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातले बुडबुडे, मग त्यात झिरपलेलं ऊन पाणी. कोणाला एसटी पकडायची नव्हती. फुकट निघणारच.

जेवण झाल्यावर एक तुकडा सांडशीत धरून गॅसवर धरला. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटनं हेच केलं होतं. दगड तापून फेसाळला, म्हणून त्यानं नाव ठेवलं झिओलाइट, उकळणारा दगड. माझाही तडतडला, फुगला, पापुद्रे सुटले. आतलं पाणी निघून गेलं. आई आतून ओरडली, "पापड कायले भाजतं रे आता?" मला इतकं हसू आलं की सांडशीच सुटली. ओट्यावर डाग पडला, तो सकाळी दिसेलच तिला.

आता वाटतं, नथ्थूकाकांचं चुकलं कुठं? त्यांच्या पेंढ्या माझ्या कामाच्या नाहीत, माझी भुकटी त्यांना दाखवली तर म्हणतील चुना आहे. आणि त्यांची विहीर तरी कुठं लागली? ४५ फूट, आणि पाणी नुसतं पाझरतंय. बाबांच्या कर्जाचं आज लिहीत नाही.

उद्या पहाटेच्या गाडीनं जातो. राख भाजून ठेवलेली आहे. यावेळी चोवीस तास हात लावणार नाही, कोणाचंही काही असलं तरी. सरांना मात्र खरं काय ते सांगावं लागेल.

हे लिहीत होतो तर काकांचा फोन. "बापू, झोपला काय? घमेलंभर गारगोट्या आल्या अजून. फेकू का ठेवू?"

ठेवा म्हटलं.