ओकच्या माथ्यावरचं पत्र

आइसलँडमधला काल्डिडालुरचा रस्ता खडीचा, उन्हाळ्यापुरताच उघडणारा. गाडी कडेला लावून ओकच्या चढाला लागले. पायवाट अशी नाहीच. काळे-करडे दगड, मध्येच ओलं शेवाळ, पाय टेकताच डुगडुगणारे धोंडे. ओक हा पसरट ज्वालामुखी, त्यामुळे चढ अंगावर येत नाही. वारा मात्र येतो. पूर्वेला लाँगयोकुल या हिमनदीचा पांढराशुभ्र बर्फ सारखा दिसत राहतो आणि आपल्या पायाखालचे उघडे दगड जास्तच डोळ्यांत खुपतात. 1890 च्या सुमारास इथेही 16 चौरस किलोमीटर बर्फ होता.

हिमनदी म्हणजे नुसता बर्फ नव्हे, स्वतःच्या वजनाने सरकणारा बर्फ. ओकवरचा थर इतका झिजला की तो सरकेनासा झाला. 2014 मध्ये हिमनदीतज्ज्ञ ओड्डुर सिगुर्दसन यांनी ही हिमनदी राहिली नसल्याचं जाहीर केलं. 'ओक्योकुल' या नावातलं 'योकुल', म्हणजे हिमनदी, गळून पडलं. विवरात आता वितळलेल्या पाण्याचं तळं आहे. त्याला ब्लावात्न म्हणतात, निळं पाणी.

माथ्यावर एका धोंड्यावर तांब्याचा पत्रा बसवलाय. शीर्षक : भविष्याला पत्र. ऑगस्ट 2019 मध्ये तो बसवला गेला. शब्द लेखक आंद्री स्नायर माग्नासॉन यांचे. शिलालेख म्हटला की कुणाचा तरी विजय असतो, नाहीतर दान. इथे कबुली आहे. येत्या 200 वर्षांत देशातल्या सगळ्या हिमनद्या याच वाटेने जातील असं दिसतं. काय घडतंय आणि काय करायला हवं, ते ठाऊक आहे. ते केलं का, हे मात्र वाचणाऱ्यालाच कळेल.

वाऱ्याला पाठ देऊन बसले आणि वहीत मराठी करू लागले. कबुलीच्या वाक्यात अडले. इंग्रजीतल्या 'वुई'चं काय करायचं? 'आपल्याला ठाऊक आहे' लिहिलं, तर 200 वर्षांनी वाचणाराही त्यात ओढला जातो. त्याचा काय दोष? त्याचा तर जन्मही झालेला नाही. म्हणजे 'आम्हांला'च. ते खोडून हे लिहिलं, तेव्हा पोटात कालवलं. 'आपण'मध्ये सगळ्यांच्या गर्दीत उभं राहता येतं. 'आम्ही'मध्ये मी इकडे आणि ते मूल तिकडे. मूलच म्हणते, कारण पुढच्या ओळीत 'तुम्हांला' लिहवेना. 'तुला' लिहिलं.

कलाकार ओलाफुर एलियासन यांनी डिसेंबर 2015 मध्ये, हवामान परिषद भरली असताना, ग्रीनलंडच्या बर्फाचे 12 प्रचंड तुकडे पॅरिसच्या चौकात घड्याळासारखे मांडले होते. लोकांनी त्यांना हात लावले, कान लावले. हवामानबदलावरच्या कलेत मला तेच काम सर्वांत थेट वाटायचं. मी ते फक्त छायाचित्रांत पाहिलंय. ओकवर बसून मत बदललं. तिथला बर्फ वितळला, की पाहणारा मोकळा होतो. हा पत्रा उत्तर येईपर्यंत कुणालाच मोकळं करत नाही, आणि उत्तर देणारा अजून यायचा आहे.

पत्र्यावर शेवटी महिना, वर्ष आणि एक आकडा आहे : हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 415 भाग. तोही वहीत उतरवला. खाली आजची तारीख घातली आणि आजचा आकडा लिहिला. तो 420 च्या पुढे गेलाय.