तुम्ही विचारलंत म्हणून: जाळीमागचा तिसरा दिवा

माझी गाडी १९५०च्या दशकातल्या पोर्श ३५६ स्पीडस्टरची प्रतिकृती आहे. अस्सल नाही, हे मी पहिल्या वाक्यातच सांगतो. बॉडी फायबरची आणि खाली फोक्सवागनच्या जुन्या बीटल गाडीचा सांगाडा, इंजिनही बीटलसारखंच मागे. ती बघून लोक खूश होतात, मागे वळसा घालतात, आणि मी ब्रेक दाबून दाखवला की इंजिनाच्या झाकणावरच्या जाळीतून, दोन बाजूंच्या दिव्यांच्या मधोमध, एक लाल रेघ उजळते. मग प्रश्न येतो: "सगळं इतकं जुन्यासारखं जपलंत, मग हा नवा दिवा कशाला? आणि बसवलातच, तर लपवलात का?"

आधी 'कशाला'चं सांगतो. एकदा उतारावर पुढची वाहनं थांबली म्हणून मीही थांबलो. ऊन तिरपं होतं आणि थेट माझ्या गाडीच्या पाठीवर पडत होतं. मागच्या गाडीचे टायर किंचाळले आणि ती माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. चालक उतरून आला, चेहरा पांढराफटक. म्हणाला, "तुमचे दिवे लागलेले कळलेच नाहीत हो." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जागी उभा राहून मी बघितलं. मुठीएवढ्या लाल काचांवर ऊन पडलं होतं, त्यामुळे दिवा बंद असतानाही काच पेटल्यासारखी दिसत होती. मग ब्रेक दाबल्यावर फरक कळणार कसा?

रात्रीची अडचण वेगळी. त्याच काचेमागे दोन तारांचा एकच बल्ब असतो: मागच्या दिव्यासाठी ५ वॅट, ब्रेकसाठी २१ वॅट. दोन्ही लालच. म्हणजे मागच्या माणसाला 'आहे' आणि 'थांबतोय' यांतला भेद फक्त उजेडाच्या कमीजास्तपणावरून ओळखायचा असतो. मधला दिवा या गोंधळातून सुटतो, कारण तो एरवी लागतच नाही. लागला की त्याचा अर्थ एकच. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून प्रवासी गाड्यांना असा मधला उंच दिवा सक्तीचा झाला. तिथल्या सरकारी अभ्यासात पहिल्या काही वर्षांत मागून होणाऱ्या धडका बऱ्याच घटल्या, पुढे सगळ्यांना दिव्याची सवय झाली तसा परिणाम ओसरून ४.३ टक्क्यांच्या आसपास स्थिरावला. आकडा लहान वाटतो, पण दोन वायरींच्या कामाला मला तो पुष्कळ आहे. माझ्या गाडीला छप्पर नाही आणि तिची मागची बाजू आजच्या गाड्यांच्या मानाने कमरेखाली येते. त्यात पाठीमागे कोणी आदळलंच, तर फायबरची बॉडी मला काय वाचवणार?

एलईडी निवडण्याचं कारण नुसतं दिसणं नव्हतं. बल्बची तार तापून पूर्ण उजळायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, एलईडी मात्र तत्क्षणी लागतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे आलेली असते. माझी अख्खी गाडी चार मीटरची नाही.

आता 'लपवलात का'. या गाडीची पाठ म्हणजे एकसलग उतरत गेलेली गोलाई. तिच्यावर बाहेरून डबी चिकटवली, तर नजर तिथेच अडकते आणि बाकीचं काही दिसेनासं होतं. एवढी वर्षं ज्या आकारासाठी राबलो, तो मी असा बिघडवणार नव्हतो. मधला ब्रेकचा दिवा मात्र पोर्श ३५६ आणि बीटलच्या घराण्याला परका नाही. १९५२पर्यंतच्या बीटलला ब्रेकचा दिवा एकच असे, आणि तोही इंजिनाच्या झाकणावर मधोमध, नंबरप्लेटवरच्या दिव्याच्या घरात. हे कळलं तेव्हा माझ्या मनातली उरलीसुरली कुरकुरही गेली.

जागा जाळीच्या आतली ठरली. बाहेरून भोक पाडायचं नव्हतं आणि पट्टी बंद असताना काळोखात मिसळून जायला हवी होती. बोटभर रुंदीची, पाणी न शिरणारी लाल एलईडीची पट्टी घेतली आणि मागची पत्र्याची पाठ काळी मॅट रंगवली. त्याहून रुंद पट्टी घेण्याचा मोह आवरला, कारण इंजिन हवेवर थंड होणारं आहे आणि त्याची हवा याच जाळीतून आत जाते. दिव्यासाठी इंजिनाचा श्वास कोंडायचा नाही.

पहिला प्रयत्न फसला, आणि का फसला ते सांगायलाच हवं. पट्टी मी जाळीला समांतर, सपाट बसवली. शेजारी उभं राहून बघितलं तर झगझगीत. मुलीला ब्रेक दाबायला बसवलं आणि भर दुपारी वीस पावलं मागे गेलो. काही नाही. झाकण तिरकं उतरतं, त्यामुळे सगळा उजेड आभाळाकडे चालला होता. एलईडीचा झोत समोर आणि अरुंद असतो, बल्बसारखा तो चहूकडे सांडत नाही. मग पट्टीखाली पाचरीसारखा तुकडा तासून बसवला, पुन्हा मागे गेलो, पुन्हा तासला. चौथ्यांदा झोत आडवा, सरळ मागे आला. मी गुडघे वाकवून गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आलो, मुलगी ओरडली "दाबला!", आणि जाळीच्या पट्ट्यांमागून लाल रेघ लख्ख दिसली.

पट्टी दुहेरी टेपवर सोडू नका. इंजिन बंद केल्यावर आतली धग वर येते, टेप मऊ पडतो आणि पट्टी खाली इंजिनाच्या फिरत्या बेल्टवर जाऊन पडू शकते. मी चिमटे आणि बारीक स्क्रू वापरले, तेही जाळीच्या आतल्या कडेला. झाकण उघडतं-मिटतं, म्हणून बिजागरीपाशी वायरला सैल वळसा ठेवला.

वायरिंगमध्ये दोनच गोष्टींनी माझा वेळ खाल्ला. एक म्हणजे अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट. पत्र्याच्या गाडीत कुठेही स्क्रू मारला की अर्थिंग मिळतं. फायबरमध्ये नाही मिळत. वेगळी काळी वायर सांगाड्यापर्यंत न्यावी लागते, रंग खरवडून तिथे घट्ट बसवावी लागते. दुसरं, ब्रेकची वायर नेमकी कुठून घ्यायची. काही गाड्यांत ब्रेक आणि वळणाचा दिवा एकाच बल्बमधून चालतो. तिथे बल्बपाशी जोड दिलात तर वळताना मधला दिवाही लुकलुकेल. स्विचकडून येणारी वायर शोधा आणि तिथून फ्यूज टाकून घ्या. पट्टीला करंट नावालाच लागतो, त्यामुळे जुन्या वायरिंगवर भार येत नाही.

लुकलुकणारी पट्टी बसवा, असं अनेकांनी सुचवलं. मी बसवली नाही. ब्रेकचा दिवा स्थिरच हवा, त्याचा अर्थ जगभर सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याकडचे नियमही आधी बघून घ्या.

आणि हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो: तिसरा दिवा स्विचचं दुखणं बरं करत नाही. जुन्या बीटलच्या सांगाड्यात ब्रेकचा स्विच पेडलपाशी नसून मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेकच्या तेलात उतरवणाऱ्या नळकांड्यावर असतो आणि तेलाचा दाब चढल्यावर लागतो. स्विच म्हातारा झाला की पेडल बरंच दाबल्याशिवाय दिवे लागतच नाहीत, आणि मग दोन काय नि तीन काय, सगळेच उशिरा. माझा स्विच मी दिवा बसवण्याआधी बदलला. पायाचा नुसता भार पडला तरी दिवे लागतात ना, तेवढं तुम्ही आजच बघा.

मी रोज बघतो. निघण्याआधी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी असते, मी ब्रेकवर पाय ठेवतो आणि आरशात पाहतो. भिंतीवर दोन बाजूंना दोन गोल लाल डाग, मधे एक आडवी रेघ. तिन्ही दिसले की गिअर टाकतो.