पट्टीच्या पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवा

खान्देशातलं कुटुंब क्रूझर गाडी करून समुद्रावर निघालं, की घरातल्या बायका लेकरांच्या काळजीला लागतात. माझं मत वेगळं आहे. लेकरं काठावर वाळूत खड्डे खणत बसतात. आत्या-मावश्या साडी घोट्याच्या वर धरून पहिल्या लाटेलाच 'अगं बाई' करत मागे फिरतात. घोर लावते ती पोहता येणारी मंडळी. म्हणजे जिभाऊ, आबा, आणि त्यांचं बघून शर्ट काढणारे पुतणे.

यांचं पोहणं विहिरीतलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की पोरांना मळ्यातल्या विहिरीवर न्यायचं. पाठीला तोंड झाळलेला तेलाचा रिकामा डबा नाहीतर सुका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काकाच्या हातात. ढकलण्याआधी काका विचारत नसे. काही दिवसांनी डबा सुटायचा, मग मुटके सुरू. दोन परस खोल पाण्यात बुडी मारून तळाचा गाळ मुठीत वर आणला की पोरगा पास! शिकवण्याची ही पद्धत चांगलीच, तिला मी नावं ठेवणार नाही. पण विहिरीत धाप लागली तर चार हातांवर कपार असते आणि पाणी जागचं हलत नाही.

नदीचं पाणी हलतं, पण एकाच दिशेला. शिवाय हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले हे आम्हाला पावसाळाभर पेपरात वाचायला मिळतं, म्हणून तापीला आम्ही थोडंफार बिचकून असतो. समुद्राचे दरवाजे कुणी उघडत नाही, सायरन वाजत नाही. तो आपला दिवसातून दोनदा भरतो नि दोनदा ओसरतो.

खरी गोम ओढीत आहे. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. आमचा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तेवढाच तुकडा त्याला विहिरीसारखा वाटतो. ओढ लागली की तो काठाकडे तोंड करून जोर लावतो. भलाभला पोहणारा अशाने काही मिनिटांत दमतो. करायचं उलट असतं. आधी उताणं पडून तरंगायचं (खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा बरं उचलतं), हात वर करून मदत मागायची. जमेल तसं काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग तिरपं काठाकडे यायचं. हे जिभाऊंना सांगून बघा! 'काही नही होत भो, तापीत पोहलेला माणूस आहे मी.' आणि गाडीतच कुणी 'बसलेलं' असेल, तर त्याने पाण्यात पाऊलही घालू नये.

कोकणातल्या लोकांचा एक हिशेब मला फार आवडतो. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा जास्तच जपायचं. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यात चालत गेलेली माणसं घड्याळ विसरून आतच अडकतात, ती अशीच. भिंतीवरचं कॅलेंडर उपासासाठी आपण रोज बघतोच, निघण्याआधी एवढ्यासाठीही बघावं.

आणि पावसाळी सहल. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ज्याचं पोट समुद्रावर, तो माणूस होडी वर ओढून जाळी दुरुस्त करत बसलेला असतो आणि त्याच्याच समोरून आमची वरात 'काय लाटा आहेत!' करत पाण्यात शिरते.

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास उरत नाही. म्हणून कानावर भरवसा ठेवून चालत नाही, डोळे लागतात. पंधरा जण असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. आमच्याकडे हे काम मोठ्या काकूकडे आहे. तिला पोहायला अजिबात येत नाही आणि मोबाईलशी तिचं वाकडं आहे. दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन ती पाण्याकडे तोंड करून बसते. कुणी कमरेच्या पुढे गेलं की हाक येते, 'भाऊजी, मागं या.' भाऊजी येतात. अख्ख्या समुद्राला न जुमानणारे जिभाऊ वहिनीच्या आवाजापुढे अजून मान खाली घालतात.

जिथे जीवरक्षक असतो, तिथे गाडीतून उतरल्या उतरल्या काकू आधी त्याला गाठते. लेकरांचं नावही काढत नाही. 'ते निळ्या चड्डीतले दिसतात ना,' ती सांगते, 'त्यांना पोहता येतं. त्यांच्याकडं जरा बघ बाबा.'