घरगुती एक्स्चेंज आणि संगणक : इंटरफेसची निवड

कोथरूडच्या घरातील छोट्या टेलिफोन एक्स्चेंजची जोडणी पूर्ण झाली असून आता त्याला संगणकाशी बोलते करावयाचे आहे. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स व ॲस्टेरिस्क (संगणकालाच एक्स्चेंज बनवणारे सॉफ्टवेअर), पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले एफएक्सओ कार्ड (संगणकाला फोनची लाइन जोडणारे), त्यावर घरची लँडलाइन आणि आतल्या बाजूस नेटवर्कवरून चालणारे दोन आयपी फोन, एवढाच हा पसारा आहे. अपेक्षाही माफक आहेत : फोन वाजताच करणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसावे आणि नावावर क्लिक केले की फोन लागावा.

मायक्रोसॉफ्ट व इंटेल यांनी १९९३ मध्ये आणलेल्या टॅपीचा, म्हणजे प्रोग्रॅममधून फोन हाताळण्याच्या इंटरफेसचा, विचार प्रथम केला. मुळात ते टेबलावरचा फोन आणि त्याला जोडलेला संगणक डोळ्यांपुढे ठेवून घडले. एटी अँड टी व नॉव्हेल यांच्या टीसॅपी या तशाच इंटरफेसने मात्र कॉलचा ताबा थेट एक्स्चेंजकडून घेतला. परंतु टॅपी म्हटले की विंडोज आले, शिवाय एक्स्चेंजला साजेसा सर्व्हिस प्रोव्हायडर (दोहोंना जोडणारा ड्रायव्हर) हवाच. जावासाठीच्या जेटॅपीलाही एक्स्चेंजनिहाय अंमलबजावणी लागते. आपल्यासारख्या हौशी मंडळींनी तिकडे न वळलेले बरे.

खरी निवड ॲस्टेरिस्कच्या स्वतःच्या दोन इंटरफेसांत, एएमआय आणि एआरआय यांतच होती. आवृत्ती १२ बरोबर २०१३ मध्ये आलेले एआरआय दिसायला देखणे आहे : आज्ञा एचटीटीपीवरून, घटना वेबसॉकेट या सतत उघड्या जोडणीवरून जेसन या मजकुराच्या साच्यात. मात्र त्यात कॉल प्रथम स्टॅसिसकडे, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करावा लागतो आणि त्यानंतर तो कोणाशी जोडायचा याची जबाबदारी आपल्यावरच येते. मला कॉल हाताळायचा नाही, नुसता पाहायचा आहे. रात्री माझा प्रोग्रॅम बंद पडला तरी घरचा फोन वाजलाच पाहिजे. म्हणून एएमआय घेतले.

एएमआयच्या पोर्ट ५०३८ वर साध्या मजकुराच्या ओळी येतात आणि रिकामी ओळ आली की संदेश संपतो. माझ्या लाइनवर नंबर पहिल्या घंटीपूर्वी डीटीएमएफ (फोनची बटणे दाबल्यावर उमटणाऱ्या) स्वरांत येतो, त्यामुळे कार्डाच्या सेटिंगमध्ये भारतासाठीचा पोलॅरिटीचा (लाइनवरील धन-ऋण टोकांच्या अदलाबदलीवरून नंबरची सुरुवात ओळखण्याचा) पर्याय निवडावा लागला. त्यातही कॉल सुरू झाल्याची ‘न्यूचॅनल’ ही घटना येते तेव्हा नंबरची जागा रिकामी असते. तो मागाहून ‘न्यूकॉलरआयडी’मध्ये मिळतो, तेव्हा नाव शोधण्याचे काम तेथेच सुरू केले. फोन लावण्यासाठी ‘ओरिजिनेट’ ही आज्ञा पुरते; ते आधी आपला आयपी फोन वाजवते आणि तो उचलल्यावर बाहेरचा नंबर फिरवते. त्यात ‘असिंक’ चालू ठेवावे, अन्यथा उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम ताटकळत राहतो.

पासवर्ड उघड्या मजकुरात जात असल्याने सध्या एएमआय १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच संगणकापुरते, बांधले आहे. दुसऱ्या संगणकावर नाव दाखविण्यासाठी एसएसएच टनेल (दोन संगणकांमधील कूटबद्ध जोडणी) करायचा, तेवढे काम शिल्लक आहे.