वाकळीखालचा ड्रम

कथा लिहायला लागल्यापासून पहिली काही वर्षे माझी अशी समजूत होती की, घटना जमवल्या आणि त्या घडल्या त्याच क्रमाने मांडल्या की कथेला आकार आपोआप येतो. ही समजूत एका कथेने मोडली. त्या कथेत काय बदलत गेले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

कथा लातूरची आहे आणि काळ २०१६च्या उन्हाळ्याचा. मांजरा धरण आटले होते, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात जमावबंदी लागू करावी लागली होती. माझ्या कथेत एका वाड्यात दोन जावा शेजारी-शेजारी राहतात. धाकटीची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे. धाकटी थोरलीकडे घागरभर पाणी मागते आणि थोरली म्हणते, ‘आमच्याकडंबी नाही गं.’ प्रत्यक्षात अंथरुणांच्या चवडीमागे, वाकळ टाकून झाकलेला, काठोकाठ भरलेला ड्रम तिच्या घरात उभा असतो.

पहिला खर्डा सतरा पानांचा झाला. त्यात थोरलीचे लग्न होते, वाटण्या होत्या, पावसाने दिलेली हुलकावणी होती, आणि ड्रम अगदी शेवटच्या पानावर उघडा पडत होता. हा शेवट मला फार जमल्यासारखा वाटत होता. एका जाणत्या वाचक मैत्रिणीने मात्र सांगितले की, शेवटी धक्का बसला हे खरे, पण तिथवरची सोळा पाने वाचताना मी कशाचीच वाट पाहत नव्हते.

त्यानंतर मी रचनेविषयी मिळेल ते वाचू लागले. गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली मांडलेला पिरॅमिड मी वहीत काढला आणि चढण, शिखर, उतार अशा खुणा करून कथेतील प्रसंग त्यावर बसवले. प्रसंग बसले, कथा मात्र होती तिथेच राहिली. तो आराखडा मुळात पाच अंकी नाटकांच्या अभ्यासातून आलेला आहे, तेव्हा दोष त्याचा नव्हता. मीच त्याच्याकडे रिकाम्या रकान्यांचा तक्ता म्हणून पाहत होते.

उत्तर सापडले ते मामेभावाच्या लग्नानंतरच्या गोंधळात. तुळजाभवानी आमची कुलस्वामिनी असल्यामुळे घरात लग्न झाले की गोंधळ ठरलेलाच असतो. त्या रात्री चौक मांडून, संबळ-तुणतुण्याच्या साथीवर नाईकाने जांभूळ आख्यान लावले. मी लहानपणापासून ते ऐकत आले होते, परंतु त्या रात्री पहिल्यांदाच ते कसे बांधले आहे याकडे लक्ष गेले. द्रौपदीच्या मनात कर्ण भरला आहे, हे ऐकणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगितले जाते. मग वनात भीम एक जांभूळ तोडतो, ते ऋषीच्या वाट्याचे असल्याचे कळते, आणि प्रत्येकाने मनातले सत्य बोलले तरच ते पुन्हा देठाला लागेल असे ठरते. एकेक पांडव खरे बोलतो आणि जांभूळ थोडे थोडे वर चढते. फळ जसजसे फांदीच्या जवळ जाते, तसतशी द्रौपदीची पाळी जवळ येते. साथीदार मधूनच नाईकाला प्रश्न विचारतो, नाईक उत्तर लांबणीवर टाकतो, आणि मांडवातल्या बायका पुढचे सगळे ठाऊक असूनही पदर तोंडाशी धरून बसलेल्या असतात. तेच आख्यान द्रौपदीचे मन शेवटपर्यंत झाकून सांगितले असते, तर पाच भावांची पाच सत्ये म्हणजे नुसती यादी झाली असती.

घरी आल्यावर मी ड्रम पहिल्या परिच्छेदात आणला.

एवढ्या एका बदलाने बाकीच्या पानांचे काम पालटले. आता दारात कोणीही आले की वाचकाची नजर अंथरुणांच्या चवडीकडे जाते. लग्न आणि वाटण्या मिळून दोन ओळींत आटोपल्या, कारण ड्रमशी त्यांचा तेवढाच संबंध होता. उलट पहिल्या खर्ड्यात एका वाक्यात उरकलेला एक प्रसंग दीड पानाचा झाला: बाळाला टेकवायला धाकटी वाकळ मागते आणि ती ओढायला स्वतःच पुढे होते. नाट्यशास्त्रातील गर्भसंधीत, म्हणजे कथानकाच्या मधल्या टप्प्यात, कथेचे बीज हाती लागते, निसटते आणि पुन्हा शोधले जाते. ही व्याख्या मी पूर्वी पाठ केली होती, पण तिचा उपयोग मला हा प्रसंग लिहिताना कळला.

मिरजेहून आलेल्या रेल्वेवर मी तीन पाने खर्च केली होती. १२ एप्रिलला सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणी लातूरला पोहोचल्या, ही माहिती मला सोडवत नव्हती. नव्या खर्ड्यात रेल्वे एका परिच्छेदात येते, पण अगदी मोक्याच्या जागी, कारण शहरात पाणी आले की ड्रम लपवण्याचे कारण संपते आणि तो मात्र भरलेलाच उरतो.

शेवटचा परिच्छेद काढताना सर्वांत जास्त जड गेले. टंचाई माणसाला कसे आकसून टाकते, हे मी त्यात समजावून सांगितले होते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या दृष्टांतांची सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक अशी मांडणी त्याच पंथातील केसोबासांनी केली, आणि तिथे अर्थ उलगडणारा तिसरा भाग आवश्यकच आहे, कारण दृष्टांत एक तत्त्व शिकवण्यासाठी सांगितलेला असतो. माझ्या कथेत मी तोच तिसरा भाग नकळत लिहून ठेवला होता.

सध्याच्या खर्ड्यात थोरली भरलेली घागर कमरेवर घेऊन धाकटीच्या दाराशी येते. धाकटी घागर उतरवून घेते, पाण्यात बोटे बुडवते आणि विचारते, ‘हे कवाचं पाणी?’ थोरलीचे उत्तर मी तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा खोडले आहे.